लाल कोट

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. त्या आठवड्यात अकरावीला स्टीव्हन स्पीलबर्गचा 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३) दाखवायला घेतला. सव्वातीन तासांचा सिनेमा, म्हणून दोन दिवसांत, वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून.

मार्च १९४३. पोलंडमधल्या क्राकोमधला ज्यूंचा घेट्टो, म्हणजे त्यांना कोंडून ठेवलेली वस्ती, नाझी रिकामा करताहेत. सिनेमा जवळजवळ सगळा कृष्णधवल, आणि त्या धावपळीत लाल कोटातली एक चिमुरडी एकटीच चाललेली. पुढे प्रेतांच्या गाड्यावर तोच कोट दिसतो. एरवी मागच्या बाकांवर दंगा करणारी पोरंही गप्प झाली. मुली तर हुंदके देत होत्या. माझेही डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सिनेमा संपल्यावर चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, लक्षात राहिलेलं एक नाव लिहा. बहुतेकांनी लिहिलं शिंडलर. काहींनी छावणीचा तो क्रूर अधिकारी, गोथ. दोघांनी हिशेबनीस स्टर्न. उरलेल्यांनी 'लाल कोटवाली'.

मला ते फार लागलं. मारले गेलेले ज्यू सुमारे ६० लाख. आम्ही पाहिली ती वाचलेल्या सुमारे ११०० जणांची गोष्ट, आणि तिच्या मधोमध त्यांना वाचवणारा जर्मन कारखानदार शिंडलर. दिग्दर्शकाने जिला रंग दिला तिच्यासाठी आम्ही रडलो. तिच्या आजूबाजूने हाकलली जाणारी माणसं डोळ्यांसमोर असून दिसली नाहीत. हा सिनेमा मुलांनी पाहायलाच हवा, असं मला आजही वाटतं. पण तो संपला की लगेच पुढचा तास सुरू करणं मला आता जमणार नाही.

मी विचारलं, "पत्रादेवीच्या स्मारकावर आपण जाऊन आलो ना? १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी येताना तिथे पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या सत्याग्रहींपैकी कुणाचं नाव सांगाल?"

एकजण चाचरत म्हणाला, "कर्नैल सिंग." पंजाबातून आलेला तो तरुण. दुसरं नाव कुणालाच येईना.

मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. "टीचर, माझे पणजोबा त्या दिवशी सीमेपलीकडे बांद्याला होते. त्यांनी एका जखमीला पाठीवरून नेलं होतं."

"कोण होता तो?"

"त्यांनाही नाव कळलं नाही. सदऱ्यावरचं रक्त काही केल्या निघेना, म्हणून पणजीने तो गोधडीत शिवला. गोधडी अजून आहे आमच्याकडे."