करदोडा

मंगळवार, रात्री साडेदहा

आज बाजाराचा दिवस, दवाखान्यातली गर्दी तीनपर्यंत हटली नाही. शेवटी ती आजी आली, नातवाला घेऊन. पोरगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलणं दोन-चार शब्दांचं. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत, लेकरू आजीपाशी. "साहेब, तीच गोळी लिहून द्या," म्हणत तिने मळकी चिठ्ठी पुढे केली. मी पेन उचललंही होतं.

तेवढ्यात पोरगं वजनकाट्यावर चढलं. काटा हलतो ते त्याला आवडलं असावं. उतरायचं, काटा शून्यावर आला की पुन्हा चढायचं. पाच-सहा वेळा, आणि दर वेळी काटा ३५ वर. मे महिन्यात संभाजीनगरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली तेव्हा चिठ्ठीवर लिहिलंय, २६ किलो. शर्ट वर केला तर काळा करदोडा पोटात रुतलेला, खाली लाल वळ. "दोनदा बदलला की," आजी म्हणाली. "आता खातंय बी चांगलं." तिला तर ते बरंच वाटत होतं.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात पाच वेळा: गोळ्या चालू. वजन एकदाही नाही, पोटाचा घेर नाही, साखर नाही.

तालुक्यातले आम्ही डॉक्टर भेटलो की हा विषय निघतो. काही जण म्हणतात, मेंदूच्या गोळ्यांना आपण हात लावू नये. काही म्हणतात, आपण नाही लिहिल्या तर ही माणसं दर महिन्याला रोज बुडवून शहरात कशी जाणार? मी पहिल्यांतला. "मी असली गोळी कधी सुरू करत नाही," हे मी छातीवर हात ठेवून सांगत आलो. चालू ठेवणं म्हणजेही लिहून देणंच, हे आठ महिने माझ्या ध्यानात आलं नाही. याचं मला आज फार वाईट वाटतंय.

गोळी रिस्पेरिडोनची. ती वाईट नाही. स्वतःला मारून घेणं, अंगावर धावून जाणं, टोकाची चिडचिड, यासाठी अमेरिकेत २००६ साली ५ ते १६ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांसाठी तिला मान्यता मिळाली. त्याआधी २००२ साली १०१ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात फरक चांगलाच दिसला होता. पण चाचणीच्या त्याच ८ आठवड्यांत गोळी घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ०.८ ने. आणि बोलणं, लोकांत मिसळणं यावर ती औषध नाहीच. चिडचिड उतरली की शिकवायला जरा वाव मिळतो, एवढंच. आपण मात्र गोळी देतो अन् शिकवणं राहून जातं.

मी कमी करायचं म्हणताच आजी घाबरली. "बंद नका करू. मागं हात चावून रगत काढायचं, रातभर जागं. मी एकटी म्हातारी." तिचं चुकत नाही. एकदम तोडली तर त्रास उसळतो, हेही खरं. तोंड उघडून पाहिलं तर एक दाढ किडलेली. पोट चार-चार दिवस साफ होत नाही, हे विचारल्यावर कळलं. दुखतंय हे या लेकराला सांगता येत नाही. ते हात चावूनच सांगणार. मे महिन्याच्या आधी हे कुणी पाहिलं होतं का? मी तर नाही.

तज्ज्ञांना फोन लावला, त्यांनी उचलला. आधी उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी, मग डोस टप्प्याटप्प्याने खाली, दर पंधरवड्याला वजन कळवायचं. दाढेसाठी अंबाजोगाईला पाठवतोय.

टाके कापायच्या कात्रीने करदोडा कापला. पोराने तो हातात घेतला, बोटाला गुंडाळला आणि पुन्हा काट्यावर जाऊन उभं राहिलं.

अशीच चिठ्ठी घेऊन येणारी आणखी दोन लेकरं आहेत. कंपाउंडरला नंबर काढून ठेवायला सांगितलंय. दोघांनाही याच आठवड्यात काट्यावर उभं करायचं.