एसजेचा पुढचा ॲक्सल, भाग २: एक शिम जास्त पडला

मागच्या वेळी लिहिलं होतं की माझ्या एसजेच्या पुढच्या डाव्या चाकामागे, नकलच्या गोळ्यावर तेल दिसायला लागलंय, बघतो. तर बघितलं. बघण्यात तीन शनिवार गेले आणि त्यातला एक निव्वळ माझ्या मूर्खपणामुळे गेला, ते पुढे येईलच.

आधीचा भाग वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडी सुझुकी एसजे ४१३, १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांवर पाटे, पुढेमागे सॉलिड ॲक्सल (म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड आसावर), ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी आणि मधे एक बुटका शाफ्ट. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना पोकळ गोळा असतो, त्याच्यावरून नकल, म्हणजे चाक धरून वळणारा भाग, फिरतो, वर खाली किंगपिन (ज्यांच्यावर तो वळतो त्या पिना) आणि त्यांची बेअरिंग, आणि गोळ्याच्या आत ग्रीसमध्ये बुडालेला सीव्ही जॉइंट. आत ग्रीस ठेवायचं आणि बाहेरचा चिखल बाहेर ठेवायचा हे काम मागच्या बाजूच्या एका रबरी वायपर सीलचं. आणि डिफचं (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) तेल डिफमध्येच राहावं यासाठी ॲक्सलच्या नळीत अजून एक ऑइल सील. तो आतला सील गेला की डिफचं तेल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि मग ते पातळ सूप वायपर सीलला न जुमानता बाहेर यायला लागतं.

आता गंमत बघा, हे एका दिवसात झालेलं नाही. आधीच्या पावसाळ्यात गोळा नुसता ओलसर दिसायचा. मग त्यावर धूळ चिकटून काळी कड तयार झाली. मग डिफची लेव्हल दर वेळी थोडी थोडी कमी भरायला लागली, आणि शेवटी टायरच्या आतल्या बाजूला लांबट ओघळ. म्हणजे जवळजवळ वर्षभर गाडी सांगत होती, मीच पुसून पुसून पुढे ढकलत होतो.

पहिला शनिवार उघडण्यात. जॅक, खाली स्टँड, चाक काढलं, मॅन्युअल हब (चाक शाफ्टला हाताने जोडायचं-सोडायचं टोपण) काढला, कॅलिपर सोडून तारेने पाट्याला टांगला (होजवर लटकवू नका, सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे लटकवतात), हब, बेअरिंग, मग स्पिंडलचे, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या नळीचे, बोल्ट. स्पिंडल गंजून नकलला असा चिकटला होता की रबरी हातोड्याने पंधरा मिनिटं चारी बाजूंनी ठोकल्यावर हलला. तो सुटल्याबरोबर आतून जे बाहेर आलं त्याला ग्रीस म्हणणं म्हणजे ग्रीसचा अपमान. राखाडी, वास मारणारं, डिफच्या तेलाचं पिठलं. शाफ्ट जॉइंटसकट ओढून काढला, धुतला, बॉल आणि खाचा बघितल्या, नशिबाने चांगल्या होत्या. किंगपिनची बेअरिंग मात्र नाही. खालच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कपात रोलरचे एका ओळीत खड्डे पडलेले, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते आणि रोलर त्याच जागी ठोके खात बसतात. नकल हाताने फिरवला की अगदी मध्यावर येताना खट्ट करून बसायचा. स्टिअरिंगला मध्यावर जो एक विचित्र अडखळा जाणवायचा, जो मी इतके दिवस स्टिअरिंग बॉक्सच्या माथी मारत होतो, तो हाच होता.

ते खड्डे बोटाच्या नखाला लागतात. हे मुद्दाम सांगतोय.

त्या दिवशी टॉर्च धरायला एक मित्र आला होता. त्याच्याकडे नवी गाडी आहे, नाव घेत नाही, मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेली), चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनची, फिरवायच्या बटणावर चिखल, वाळू, दगड असे मोड. त्याने बराच वेळ माझे काळे हात बघितले आणि मग शांतपणे विचारलं, की बाबा, कंपन्या नव्या गाड्या इतक्या सुधारतायत तर तुम्ही जुन्या गाड्यांचे लोक प्रत्येक वेळी ओरडता कशाला, तुम्हाला नक्की काय जपायचंय? मी तेव्हा काहीतरी तोडकं उत्तर दिलं. नंतर दोन आठवडे सील येण्याची वाट बघत बसलो होतो तेव्हा यावर विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

पहिली गोष्ट कबूल करू. त्याची गाडी माझ्यापेक्षा जास्त ठिकाणी जाते. आम्ही एकदा एकाच चढावर दोघं गेलो होतो, माझं एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत गेलं की ओपन डिफ सगळा जोर त्या हवेतल्या चाकांना फिरवण्यात घालवतो आणि मी तिथेच बसतो, मग मागे येऊन दुसरी लाइन शोधायची, थोडा वेग घ्यायचा, देवाचं नाव घ्यायचं. त्याची गाडी फिरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावते, जोर जमिनीवरच्या चाकाकडे जातो, आणि ती खटखट आवाज करत चालत वर जाते. जुनी डिफेंडर कागदावर ५०० मिमी पाण्यात उतरायची, २०१९ मध्ये आलेली नवी ९०० मिमी. तेव्हा 'जुन्या गाड्या ऑफरोडला भारी असतात म्हणून आम्हाला हव्यात' हे उत्तर आता चालत नाही, आणि आपल्यातले जे लोक अजूनही ते देतात त्यांनी एकदा शेजारच्या सीटवर बसून बघावं.

दुसरी गोष्ट, आपण बदलाच्या विरोधात आहोत हेही खरं नाही. लँड रोव्हरने १९८३ मध्ये वन टेनला आणि पुढच्या वर्षी नाइंटीला पाटे काढून कॉइल स्प्रिंग दिल्या. जीपने रँग्लरला १९९६ च्या सुमारास, टीजे ही पिढी आली तेव्हा, तेच केलं. पाटे तर दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या काळापासूनचे, त्याहून जुनी परंपरा कुठली काढायची, पण त्यासाठी गळा काढणारा मला तरी कोणी भेटला नाही. उलट त्याच रँग्लरच्या आधीच्या पिढीला, १९८७ च्या वायजेला चौकोनी हेडलाइट होते, त्यावरून लोकांनी जो दंगा केला तो अजून चालू आहे, टीजेला दिवे परत गोल झाले तरी. दिव्यांवरून भांडण हे पोरकट आहे हे मलाही कळतं. पण कॉइल का चालल्या याचा विचार करा. ॲक्सल तसाच राहिला, चॅसी तशीच राहिली, कॉइलकडे बघून कळतं की ती काय करते, तुटली तर तुटलेली दिसते.

म्हणजे आपला निकष जुनं की नवं हा नाहीच. माझ्यापुरता निकष मला त्या खड्डे पडलेल्या कपात सापडला. ही गाडी हळू बिघडते. आणि बिघडताना सांगते, ओलसर होऊन सांगते, आवाज करून, थरथरून, वास मारून. ओघळ दिसल्यापासून शाफ्ट मोडेपर्यंत मधे कित्येक महिने असतात आणि त्या महिन्यांत तुम्ही तिला वापरू शकता, फक्त कानाडोळा किती दिवस करायचा तो हिशोब तुमचा. मित्राच्या गाडीचं उदाहरण त्यानेच हसत हसत सांगितलेलं आहे: एका चाकाजवळच्या सेन्सरची वायर झुडपात अडकून तुटली, चाकाचा वेग कळेना म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद, उतारावरचा कंट्रोल बंद, मोडचं बटण नुसतं फिरतंय. एक क्षण आधी सगळं होतं, एक क्षणानंतर काहीच नाही. गाडी घरी अगदी मजेत आली, त्याबद्दल तक्रार नाही, पण मधली पायरीच नव्हती. ज्या गोष्टीच्या जोरावर तो त्या जागी पोचला होता नेमकी तीच गेली आणि जायच्या आधी तिने खाकरलंही नाही.

(त्यावर तो म्हणाला की तुझ्या गाडीने वर्षभर खाकरून काय उपयोग झाला, तू ऐकलंस का. यावर माझ्याकडे उत्तर नाही.)

सॉलिड ॲक्सलचंही तेच. मी त्याला पवित्र वगैरे मानत नाही, हायवेला एका चाकाखाली खड्डा आला की दोन्ही चाकं हलतात आणि डिफचा गोळा सगळ्यात खाली लोंबत असतो, तो दगडावर आपटतोच. पण तो गोळा चाकाबरोबर वर जातो. चाक दगडावर चढलं की ॲक्सलही चढतो, डिफखालची जागा जेवढ्यास तेवढी. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वर दबलं की पोट खाली येतं, किती आलं ते त्या त्या क्षणावर अवलंबून. शिवाय एका टोकाचं चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, आणि सीटवर बसल्या बसल्या ढुंगणाला कळतं की कुठल्या कोपऱ्यात काय चाललंय. मित्राच्या गाडीत स्क्रीनवर बाण दिसतात. बाण बरोबर असतात हो, पण मला ते वाचायला रस्त्यावरून नजर काढावी लागते.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. २०१८ ची जिमनी बघा, लॅडर चॅसी (शिडीसारखी वेगळी चौकट) ठेवली, दोन्ही ॲक्सल सॉलिड ठेवले, आणि आधीच्या पिढीत ट्रान्सफर केसला बटणं आली होती ती काढून परत दांडा दिला. इनिऑसने ग्रेनेडियर तर कोऱ्या कागदावरून काढली आणि तरी पुढेमागे सॉलिड ॲक्सल आणि लॅडर फ्रेमच निवडली. लँड क्रूझर ७० मालिका १९८४ पासून चालूच आहे. उलट बाजूला जी-क्लासने २०१८ मध्ये पुढचा सॉलिड ॲक्सल सोडला, आणि रस्त्यावर ती आधीपेक्षा सरळ चालते हे मान्य करायला हवं. नियमांचा दबावही खराच आहे, २९ जानेवारी २०१६ ला सोलिहलला शेवटची जुनी डिफेंडर लाइनवरून उतरली ती काही कोणाच्या दुष्टपणामुळे नाही, प्रदूषण आणि सुरक्षेच्या नियमांत ती डिझाइन बसेना. माझ्या गाडीत धडक झाली तर पहिला क्रंपल झोन माझे गुडघे आहेत. हे मी विसरत नाही आणि वेग त्या हिशोबानेच ठेवतो.

असो. सील आले.

दुसरा शनिवार. जुने कप ठोकून काढले, नवे बसवले, आतला ऑइल सील, नवी बेअरिंग, ग्रीस बोटांनी रोलरमध्ये नीट कोंबून. वर आणि खालच्या किंगपिनवर काढतानाच खुणा केल्या होत्या आणि कुठल्या बाजूला किती शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) तेही लिहून ठेवलं होतं. किंगपिनच्या फ्लँजखाली शिम असतात, शिम काढला की पिन जास्त आत जाते आणि बेअरिंग घट्ट होतं, शिम घातला की सैल. किती घट्ट हे बघायला टायरॉडच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या) भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून नकल ओढायचा आणि तो हलायला लागतो तेव्हाचं वजन वाचायचं. मॅन्युअलप्रमाणे माझ्या गाडीला १ ते १.८ किलोच्या मधे यायला पाहिजे.

काटा तीन किलोच्या वर गेला. मी म्हटलं फारच घट्ट आहे, एक शिम वाढवला. तरी जास्तच, पण आधीपेक्षा बरं, म्हटलं चालल्यावर बसेल. सगळं बंद केलं, ग्रीस भरलं, चाक लावलं, हात धुतले, चहा मारून चक्कर मारायला निघालो. पन्नासच्या आसपास एका छोट्या खड्ड्यावरून गेलो आणि स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की दोन्ही हातांनी आवरेना. ब्रेक लावून जवळजवळ थांबलो तेव्हा कुठे शांत झालं. ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांनी अनुभवू नये.

घरी येऊन मॅन्युअलचं तेच पान परत वाचलं. वायपर सील न लावता मोजायचं, असं सरळ लिहिलंय. मी नवा कोरा, ताठ सील लावून मोजत होतो आणि तो गोळ्यावर घासतोय तो जोर बेअरिंगचा समजत होतो. म्हणजे बेअरिंग मुळात ठीकच होतं आणि मी शिम घालून ते ढिलं करून ठेवलं.

तिसरा शनिवार त्यामुळे गेला. या वेळी सगळं परत उघडायला मात्र फार वेळ लागला नाही, सगळे बोल्ट ताजे होते. सील मागे सारून मोजलं, ०.६ किलो. जास्तीचा शिम काढला, १.४. वरची खालची दोन्ही पिन टॉर्क रेंचने आवळून परत मोजलं, तरी १.४. मग सील प्लेट, टायरॉड, नवी स्प्लिट पिन, चाक. त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यावरून, पन्नासने तीन वेळा गेलो. एक ठोका, बास. आणि मध्यावरचा अडखळा गेला, आता वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येतं, जे या गाडीला येतं हेच मी विसरलो होतो.

मित्राला फोन करून सांगितलं की दोन आठवडे ज्या गाडीच्या जोरावर थिअरी मांडत होतो ती मीच बिघडवली होती. तो म्हणाला, पण तिने लगेच सांगितलं ना?

आता उजवी बाजू. तिथला गोळा अजून फक्त ओलसर आहे, धूळ चिकटून कड व्हायला लागलीय. सील आणि बेअरिंगचा दुसरा सेट आणून ठेवलाय, शिमच्या पुड्या बाजूनुसार नाव घालून वेगळ्या ठेवल्यात, आणि काट्याच्या हुकला एक चिठ्ठी बांधलीय: सील काढून मोज. कोणाकडे स्पिंडल न ठोकता सुटायची युक्ती असेल तर सांगा, उजवा डाव्यापेक्षा जास्त गंजलेला दिसतोय.