शेवटचा शब्द

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मी नाटकाच्या दौऱ्यावर होतो. पत्र वाचताच डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या मराठीच्या बाई.

आमच्या घरची भाषा कानडी, त्यामुळे ‘चंद्राचे चांदणे’ म्हणताना माझे तिन्ही ‘च’ एकसारखेच उमटत. स्नेहसंमेलनाच्या तालमीत बाईंनी मला थांबवले, ‘चांदणे’तल्या ‘च’ला जीभ दातांमागे कशी टेकवायची ते म्हणून दाखवले आणि त्या सभागृहाच्या अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. वाक्याचा शेवट ऐकू आला नाही, की त्या नुसता हात वर करीत. मी ते वाक्य पुन्हा म्हणायचे. “अरे, आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते. तेच गिळलेस, तर राजा आला की गेला, हे लोकांना कसे कळणार?” गिरणीचा भोंगा वाजू लागला तरी थांबायची मुभा नव्हती. त्या दुपारी एकच वाक्य मी अकरा वेळा म्हटले.

पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षे शिकलो. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी वाचिकाचा, म्हणजे वाणीच्या अभिनयाचा, अभ्यास सुरू झाला आणि स्वराची उर, कंठ व शिर ही नाट्यशास्त्रातील तीन स्थाने समजावून सांगितली जाऊ लागली, तेव्हा बाईंनी भोंग्याच्या आवाजात माझ्याकडून जे करून घेतले होते, त्याला शास्त्रात काय म्हणतात एवढेच मला नव्याने कळत होते. संस्कृत नाटककार भासाच्या ‘कर्णभारा’तील कर्ण केला, तेव्हा कवचकुंडले देऊन टाकतानाचे संथ बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले, ते त्याच सवयीमुळे.

गेल्या वर्षी शाळेचे संमेलन पाहिले. मुलांच्या कॉलरला माईक होते आणि वाक्यांचे शेवट विरून जात होते. फार वाईट वाटले. भोंगा तर केव्हाच बंद झाला.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृतिमंदिर नाट्यगृहातील माझ्या पहिल्या प्रयोगाला मी बाईंसाठी पुढच्या रांगेतील खुर्ची राखून ठेवली होती. त्या तिथे बसल्या नाहीत. पहिल्या अंकात शेवटच्या रांगेतून एकदा हात वर झालेला मला स्पष्ट दिसला. प्रयोगानंतर पाया पडलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “दुसऱ्या अंकात सगळे ऐकू आले.”