घरी ऐकता येते, मग क्लबमध्ये कशासाठी?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते आहे. प्रश्न मला नवा नाही. सोसायटीतल्या शेजारणींपासून बँकेतल्या सहकाऱ्यांपर्यंत अनेकांनी तो विचारला आहे, आणि परवा तुम्हीही तोच विचारलात: 'इंडियन ओशन' या बँडची सगळी गाणी मोबाइलवर आहेत, घरी बरे स्पीकर आहेत, असे असताना पन्नाशी ओलांडलेल्या बाईने रात्री नऊनंतर एखाद्या क्लबमध्ये जाऊन दोन-दोन तास उभे का राहावे? तोंडी उत्तर देताना मी 'आवडते म्हणून' एवढेच म्हणते आणि विषय संपवते. पण तेवढ्याने तुमचे समाधान झाले नाही हे मला दिसले, आणि खरे सांगायचे तर तेवढ्याने माझेही होत नाही.

आधी बँडविषयी थोडे सांगायला हवे. सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी १९९० साली दिल्लीत तो उभा केला. पुढे बेस गिटार वाजवणारे राहुल राम आणि ड्रमवादक अमित किलम आले आणि ही चौकडी वर्षानुवर्षे टिकली. सुस्मित यांची अकूस्टिक गिटार, आणि मांडी घालून तबला वाजवता वाजवताच गाणारे अशीम, हे दृश्य भारतीय रॉकमध्ये दुसरीकडे कुठे दिसत नसे. २००० साली आलेल्या 'कंदिसा'ने त्यांना देशभर श्रोते मिळवून दिले. त्या अल्बमचे शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतले अरामी भाषेतले स्तोत्र आहे, आणि आमच्यापैकी एकालाही त्यातला शब्द कळत नसताना आम्ही सगळे ते गात आलो आहोत. २५ डिसेंबर २००९ रोजी अशीम गेले आणि २०१३ मध्ये सुस्मित बाहेर पडले. आज गायला हिमांशू जोशी, तबल्यावर तुहिन चक्रवर्ती आणि गिटारवर निखिल राव आहेत. संस्थापकांपैकी एकही उरला नसताना हा बँड तोच कसा म्हणायचा, असे जुने चाहते अजून विचारतात. त्या शंकेचे उत्तर मला ध्वनिमुद्रणातून कधीच मिळाले नाही, ते मिळाले क्लबमध्ये.

कारण या मंडळींचे गाणे ध्वनिमुद्रणापाशी संपत नाही. अल्बमवर जे ऐकू येते ते त्या गाण्याचे त्या दिवशीचे रूप असते. त्यांचा १९९७ सालचा 'डेझर्ट रेन' हा अल्बम तर दिल्लीतल्या एका कार्यक्रमाचे थेट ध्वनिमुद्रणच आहे. अल्बमवर सात-आठ मिनिटांचे असलेले गाणे मंचावर बारा मिनिटांचे होते, मधल्या वादनाच्या तुकड्यात गिटार एखादी नवी वाट धरते, बाकीचे तिच्या मागे जातात आणि मुखड्यावर परतायचे कधी हे तिथल्या तिथे ठरते. आपल्याकडच्या खासगी बैठकीत गवई समोर दोन हातांवर बसलेला असतो, त्याने तबलजीकडे टाकलेला कटाक्ष आपल्याला दिसतो आणि त्यामुळेच समेची गंमत कळते. क्लबमध्ये मला रॉकचे तेच मिळते. मोठ्या मैदानावर हेच कलाकार असतात, पण तिथे मी त्यांना पडद्यावर पाहते.

मी ज्या रात्रीविषयी नेहमी बोलते ती लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधल्या 'ब्लू फ्रॉग'मधली आहे, बँडचा 'तंदानू' हा २०१४ सालचा अल्बम येऊन गेल्यानंतरच्या दिवसांतली. ही जागा २००७ साली सुरू झाली आणि २०१६ मध्ये बंद झाली, पण मुंबईत संगीत ऐकण्यासाठी म्हणून मुद्दाम बांधलेला क्लब कसा असावा याचा तो नमुना होता. एके काळच्या गिरणीच्या गोदामात गोल गोल बैठका केल्या होत्या, त्या मंचापासून मागे जाताना पायरीपायरीने उंच होत जात, त्यामुळे मागच्या माणसाच्या डोळ्यांसमोर पुढच्याचे डोके येत नसे. मंचापुढची सपाट जागा उभे राहणाऱ्यांसाठी मोकळी असे. आम्ही मैत्रिणी तिथेच उभ्या होतो.

एवढ्या रात्री का, हाही तुमच्या प्रश्नाचाच एक भाग आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, बंदिस्त सभागृहांना मात्र सवलत आहे. पूर्वी पहाटेपर्यंत चालणाऱ्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला याच नियमाने वेळेची चौकट घातली, हे आपल्याकडच्या रसिकांना सांगायला नको. क्लबला चार भिंती आणि छत असल्यामुळे तिथला कार्यक्रम नऊ-साडेनऊला सुरू होऊन निवांत रंगू शकतो. शिवाय नोकरी करणारा माणूस लोकलने घरी जाऊन, जेवून, कपडे बदलून त्या वेळेला पोहोचतो. दहाच्या आत सगळे आटोपायचे म्हटले की कलाकाराचे लक्ष घड्याळाकडे जाते, आणि लांबत जाणे हाच ज्यांच्या गाण्याचा स्वभाव आहे त्यांच्यावर तो अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

क्लबमध्ये कुठे उभे राहायचे, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. अगदी मंचाला चिकटून उभे राहिले की ड्रम आणि गिटारचा ॲम्प्लिफायर थेट कानावर येतात आणि गायकाचा आवाज दबतो, कारण तो बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून आपल्या डोक्यावरून मागे निघून जात असतो. भिंतीला टेकले तर बेस नको इतका घुमतो. सर्वांत चांगली जागा ध्वनिसंयोजकाच्या कन्सोलच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या टेबलाच्या, आसपासची, कारण तो जे ऐकतो त्यावरून सगळ्यांचे आवाज जुळवतो, म्हणजे तिथे उभा असलेला माणूस आयता त्याच्या कानांनी ऐकतो. तबल्यासारखे नाजूक वाद्य ड्रमच्या शेजारी ऐकू आणणे सोपे नसते. तबल्याच्या मायक्रोफोनमध्ये झांजांचा आवाज शिरतो, आणि तबल्याचा आवाज वाढवायला जावे तर स्पीकरमधून शिट्टी वाजू लागते. त्या रात्री दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तबल्याचा बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, अचानक स्वच्छ, गोल ऐकू येऊ लागला, तेव्हा मी वळून कन्सोलवरच्या त्या तरुणाकडे पाहिले आणि मान हलवून दाद दिली. तोही हसला.

मग मात्र मी पुढे सरकले, कारण काही गोष्टी पाहायच्याच असतात. अमित किलम यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि गबगुबी उचलली. बाउल गायकांच्या हातात दिसणारे हे वाद्य म्हणजे एका बाजूने चामडे मढवलेला छोटा पोकळ ढोल. त्या चामड्यातून निघालेल्या तारेचे दुसरे टोक एका लहानशा वाटीसारख्या मुठीला बांधलेले असते. ढोल काखेत दाबायचा, डाव्या हाताने मूठ ओढून तार ताणायची आणि उजव्या हाताने ती छेडायची. ताण वाढवला की स्वर चढतो, सैल सोडला की घसरतो, आणि या चढ-उतारातून वाद्य बोलू लागते. ध्वनिमुद्रणात ऐकताना तो आवाज कशातून येतो हे मला वर्षानुवर्षे नीट कळले नव्हते. इथे दंड किती घट्ट दाबला जातो, मनगट किती थोडे हलते आणि तेवढ्याने स्वर किती बदलतो, हे मी चार-पाच हातांवरून पाहिले. तसेच तबल्याचे. एसीची कोरडी थंडी आणि गर्दीच्या श्वासांचा दमटपणा यांच्या ओढाताणीत कातडे सारखे उतरते-चढते, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये तुहिन हातोडी घेऊन, कान वाद्याजवळ नेऊन, हलके ठोके देत स्वर जुळवत होते, आणि तेवढ्या वेळात राहुल राम श्रोत्यांशी गप्पा मारत होते. गप्पांच्या ओघात त्यांनी मान न वळवता बेसची एक तार छेडून तुहिन यांना स्वर दिला. या माणसांचे इतकी वर्षे का जमते, हे मला त्या एका स्वरात कळले.

'मा रेवा' सुरू झाले तेव्हा ज्यांना पार्श्वभूमी माहीत आहे ते जरा सावरून उभे राहिले. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते आणि नर्मदामाईची ही आळवणी त्यांना तिथल्याच लोकांकडून मिळाली. मुंबईकरांना ती नदी दूरची वाटते, पण सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली, आणि त्यांतले मणिबेली तर सर्वांत आधी बुडू लागलेल्या गावांपैकी एक. त्या नदीचे पारंपरिक भजन बेस गिटारच्या भरदार ठेक्यावर लोअर परळमध्ये, गिरणगावातली माणसे विस्थापित झाल्यानंतरच्या त्या जागेत ऐकताना अंगावर काटा येतो. राहुल यांनी प्रस्तावना दोनच वाक्यांत उरकली आणि ते थेट गाऊ लागले. तेच बरे झाले.

त्यानंतर 'बंदे'. पीयूष मिश्रा यांनी लिहिलेले हे गाणे १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बाँबस्फोटांवरच्या 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटातले आहे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो चित्रपट न्यायालयाने रोखून धरला होता आणि २००७ च्या फेब्रुवारीत तो प्रदर्शित झाला. त्या शुक्रवारी दुपारी मी फोर्टमध्ये, नोकरीला नुकतीच लागलेली, जेवणाचा डबा उघडून बसले होते. शेअर बाजारातला पहिला स्फोट झाला तेव्हा आमच्या काचा हादरल्या, आणि संध्याकाळपर्यंत वरळीच्या सेंच्युरी बाजारची, दादरच्या प्लाझाची, एकेक बातमी येत गेली. २५७ माणसे त्या दिवशी मेली. पुढे कित्येक महिने मी बसमध्ये सीटखाली वाकून पाहत असे. हे सगळे मी घरी कुणाशी फारसे बोलले नाही. घरच्या स्पीकरवर मी 'बंदे' अनेकदा ऐकले आहे आणि ते गाणे म्हणून मला आवडते, पण घरी ते माझे एकटीचे असते. त्या रात्री क्लबमध्ये माझ्या डावीकडे माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते आणि उजवीकडे १९९३ नंतर जन्मलेली कॉलेजची मुले होती, आणि हिमांशू यांचा आवाज वर चढत गेला तसे ती मुले आणि ते गृहस्थ आणि मी एकाच श्वासात तोच शब्द उच्चारत होतो. मुलांना तो दिवस ठाऊक नव्हता, तरी गाण्यातला आकांत त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. गृहस्थांचे डोळे पाणावले होते. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही, तशी गरजही नव्हती. स्पीकर कितीही महागाचा घेतला तरी शेजारी उभी असलेली ही माणसे त्यातून मिळणार नाहीत, हे माझ्या उत्तराचे मर्म आहे.

पैशांचेही तुम्ही विचारले होते. तिकीट स्वस्त नसते हे मान्य. पण याच बँडने २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' या अल्बमची गाणी श्रोत्यांना विनामूल्य डाउनलोड करू दिली होती. ज्या करोलबागेतल्या जुन्या घरात ते सराव करत त्याचा पत्ताच त्यांनी अल्बमला दिला होता, आणि अशीम यांचा आवाज त्यात शेवटचा ऐकू येतो. ज्यांनी गाणी अशी हातावर ठेवली त्यांचे पोट कार्यक्रमांवरच चालणार. दोन तास मनापासून वाजवणाऱ्या पाच माणसांसाठी, त्यांच्या ध्वनिसंयोजकासाठी आणि मंचावर वायरी ओढणाऱ्या मुलांसाठी मी ते पैसे आनंदाने देते.

राहिली तुमची काळजी. दारूचा ग्लास हातात घेतलाच पाहिजे अशी सक्ती नसते, मी लिंबू-सोडा घेते आणि कुणी वळूनही पाहत नाही. आम्ही मैत्रिणी सोबतीने जातो आणि सोबतीनेच परततो. कानांची काळजी मात्र खरीच घ्यायला हवी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, पण दर तीन डेसिबलमागे ती मुदत निम्मी होत जाते आणि १००ला ती पंधरा मिनिटांवर येते, असा अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे, आणि क्लबमधला आवाज १००पर्यंत सहज जातो. म्हणून मी संगीतकार वापरतात तसे कानातले बोळे घालते. त्यांनी आवाज सगळीकडून सारखा कमी होतो, गाणे बिघडत नाही.

'ब्लू फ्रॉग' आता नाही, पण बँड आहे, मुंबई-पुण्यात त्यांचे येणे-जाणे आहे, आणि २०२३ मध्ये 'तू है' हा त्यांचा नवा अल्बमही आला. पुढच्या वेळी ते आले की तुमचे तिकीट मी माझ्याबरोबरच काढते. सपाट तळव्याचे बूट घाला, आधी पोटभर जेवून या, बोळ्यांची जादा जोडी माझ्या पर्समध्ये असेल. पहिली दोन गाणी आपण कन्सोलजवळ उभे राहून ऐकू, आणि गबगुबी निघाली की मी तुमचा हात धरून पुढे नेईन.