नाताळच्या बरण्या : आमची वाटचाल

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं (कोकमाची वाळवलेली साल) आणि कोकम सरबत करता करता आमचा घरगुती उद्योग उभा राहिला. उन्हाळ्यात श्वास घ्यायला उसंत नसे आणि पावसाळा सरला की माल संपलेला, हात रिकामे. हिवाळ्यात काम मिळावे, ही गरज होती. वाट दाखवली ती गोव्यात पेडण्याला दिलेल्या आमच्या आत्याने. नाताळ जवळ आला की ती काजूच्या फेणीत उपळसरी या वेलीची सुवासिक मुळे घालून बाटली माजघरात ठेवीत असे, आणि शेजारच्या ख्रिस्ती घरातून नेवऱ्या व दोदोल आले की ताट रिकामे परत पाठवायचे नाही म्हणून त्यावर ती बाटली ठेवून देत असे.

अशीच स्वादयुक्त दारू करून विकावी, हा पहिला विचार आम्ही लगेच सोडला, कारण मद्य तयार करणे आणि विकणे हे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याचे काम आहे आणि तो व्याप आमच्या आवाक्यातला नव्हता. मग ठरले की बरणीत मद्य सोडून बाकी सारे, म्हणजे त्यात मुरवायची साल, फोडी आणि मसाले, आम्ही भरायचे. मद्य ज्याचे त्याने आपल्या घरी, रीतसर घेतलेले ओतायचे. अर्धी वस्तू कोण विकत घेणार, असे अनेकांनी विचारले. पण आपल्या हाताने ओतून, तीन आठवडे जपून, गाळून कोणाला तरी देण्यात जो जिव्हाळा आहे, तो तयार बाटलीत नाही, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

पहिल्या वर्षी आम्ही विक्रीचीच सोलं बरणीत भरली. गाळलेल्या मद्याचा रंग माणकासारखा उतरला, पण ते खारट झाले, कारण सोलांना मिठाच्या रसाची पुटे दिलेली असतात. तेव्हापासून रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल या कामासाठी बिनमिठाची, वेगळ्या ताडपत्रीवर वाळवतो. दुसरा फटका पावसाचा. एप्रिल-मेमध्ये वाळवलेल्या काजूच्या बोंडूच्या फोडी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. गणपतीनंतर झाकण उघडले तर सगळ्यांवर पांढरी बुरशी. 18 किलो माल खड्ड्यात पुरला. आता फोडी काचेच्या बरण्यांत घट्ट बंद राहतात, ऑक्टोबरच्या उन्हात त्यांना पुन्हा एकदा तापवतो, आणि बोटांनी मोडताना लवली तर ती फोड बाजूला काढतो.

अर्ध्या लिटरच्या बरणीत कोकमाच्या आठ साली, जायपत्रीचा एक तुकडा आणि चार मिरी पडतात. दालचिनी व लवंग मात्र मलमलच्या पुरचुंडीत बांधून तिचा लांब दोरा झाकणाबाहेर ठेवतो. मद्यात पाणी आणि अल्कोहोल दोन्ही असल्यामुळे सालीचा रंग व आंबटपणाही उतरतो आणि मसाल्याचे तेलही. पण दालचिनी जास्त दिवस राहिली की तिचा तुरटपणा बाकी सगळ्यावर चढतो. म्हणून चौथ्या दिवशी दोरा ओढून पुरचुंडी काढावी, असे आम्ही बरणीला बांधलेल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहितो. सालीला दोन ते तीन आठवडे लागतात. त्या काळात बरणी उजेडापासून दूर ठेवावी, रोज एकदा हलवावी आणि सालीचा एकही तुकडा मद्याच्या वर राहू देऊ नये. ताजे फळ आम्ही मुद्दाम घालत नाही; त्याच्यातले पाणी सुटून मद्य पातळ होते.

तिरफळाची, म्हणजे कोकणी स्वयंपाकातल्या त्या सुवासिक मसाल्याची, बरणी करायला सर्वांत जास्त वेळ जातो. त्याची काळी बी कडू असते, ती एकेक करून काढावी लागते, आणि ते काम सासूबाई दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. सुपात साली एका बाजूला, बिया दुसऱ्या बाजूला. दिवसभरात जेमतेम दोन वाट्या होतात. त्या बरणीची किंमत म्हणूनच जास्त आहे आणि ती कमी करण्याचा आमचा विचार नाही.

बोलावणे गेले की आत्या अजूनही येते आणि मिश्रणाची प्रत्येक नवी बरणी पांढऱ्या बशीत चार थेंब टाकून पाहते. यंदा गवती चहाची बरणी तिने नाकारली. पात आठवडाभरात तपकिरी पडली होती आणि वासाला वाळलेल्या गवतासारखी लागत होती. त्यामुळे या नाताळच्या यादीत कोकम, तिरफळ आणि बोंडू एवढ्या तीनच बरण्या आहेत.