मिरकरवाड्याचे डिझेल आणि जिनिव्हाचा मसुदा : एक धोरणटिपण लिहिताना

जागतिक व्यापार संघटनेची तेरावी मंत्रिस्तरीय परिषद २०२४ च्या मार्चच्या सुरुवातीला अबू धाबीत संपली, तेव्हा मासेमारी अनुदानांच्या दुसऱ्या टप्प्यावर एकमत झालेले नव्हते. त्यानंतर काही काळाने केंद्र सरकारच्या एका विभागाने पुढील वाटाघाटींच्या तयारीसाठी अभ्यासकांकडून लेखी टिपणे मागवली. मी रत्नागिरीत राज्यशास्त्र शिकवते आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. दिल्लीतल्या संस्थांना अशी पत्रे नित्याची असतात. माझ्यापर्यंत ते पोहोचले ते एका जुन्या सहाध्यायाने पुढे पाठवले म्हणून. विद्यापीठातल्या माणसाचे म्हणणे शासनापर्यंत नेमके कसे जाते हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. प्रत्यक्षात ते कसे घडते हे या निमित्ताने पाहायला मिळाले.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. १७ जून २०२२ रोजी संघटनेच्या मुख्यालयी, जिनिव्हात, संमत झालेला करार बेकायदा व अनियंत्रित मासेमारीला, अतिमासेमारीने खालावलेल्या माशांच्या साठ्यांवरील मासेमारीला आणि कोणाचेच नियमन नसलेल्या खुल्या समुद्रातील मासेमारीला मिळणारी अनुदाने रोखतो. नौकांची संख्या आणि ताकद बेसुमार वाढवणाऱ्या अनुदानांचा प्रश्न त्यात सुटलेला नाही, तो दुसऱ्या टप्प्यावर ढकलला गेला. या टप्प्यात भारताची मागणी अशी की विकसनशील देशांना २५ वर्षांचा संक्रमणकाळ मिळावा आणि दूरच्या समुद्रांत मोठे ताफे पाठवणाऱ्या देशांनी तेवढाच काळ आपल्या हद्दीबाहेरील मासेमारीची अनुदाने थांबवावीत.

पहिला अडथळा परवानगीचा होता. महाविद्यालयात नोकरी करणाऱ्याने शासनाला काही लिहायचे तर ते ‘योग्य मार्गाने’ जावे लागते, आणि तो मार्ग प्राचार्यांच्या टेबलावरून संस्थेच्या कार्यालयात जाऊन तिथेच विसावतो. शेवटी ‘वैयक्तिक अभ्यासक या नात्याने’ एवढे शब्द घालून अर्ज मंजूर झाला. संसदेच्या स्थायी समित्याही जाहिरात देऊन निवेदने मागवतात, त्यामुळे तो पर्यायही माझ्या मनात होता. मात्र समितीला दिलेले निवेदन तिच्या दप्तराचा भाग होते आणि ते गोपनीय मानले जाते. मला तर त्याच मजकुरावर पुढे शोधनिबंध लिहायचा होता.

टिपणाला दोन पानांची मर्यादा होती. या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारा आकडाही एका विद्यापीठातूनच आलेला आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ रशीद सुमैला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ सालची जगभरातील मासेमारी अनुदाने ३५.४ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज मांडला, आणि त्यांपैकी २२.२ अब्ज डॉलर मासेमारीची क्षमता वाढवणारी, म्हणजे साठ्यांना घातक ठरणारी, असल्याचे म्हटले. जिनिव्हातील चर्चेला या आकड्याने जे वजन दिले ते शंभर भाषणांनी दिले नसते. तरीही माझी त्याच्याबद्दल एक तक्रार आहे. त्या वर्गवारीत इंधनावरची सवलत सरसकट घातक रकान्यात पडते, आणि मग अंटार्क्टिकापर्यंत जाणारा ताफा आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली गिलनेटची (पाण्यात उभे सोडलेले, मासा कल्ल्यांत अडकवणारे जाळे) लहान नौका एकाच मथळ्याखाली येतात. माझे टिपण या एका जागेवर उभे करायचे असे मी ठरवले.

त्यासाठी मिरकरवाडा बंदरावरच्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीच्या कार्यालयात बसणे आवश्यक होते. सचिवांनी लोखंडी कपाटातून डिझेलची नोंदवही काढून दिली. नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक, उचललेले लिटर, पावती, परताव्याची मागणी आणि शेवटचा रकाना मिळालेल्या रकमेचा. त्या शेवटच्या रकान्यात ओळीमागून ओळ कोरी होती. फेरीला निघण्याआधी नौकामालक बर्फ, शिधा, खलाशांची उचल आणि डिझेल यांचे पैसे रोख मोजतो, डिझेलवरचा राज्याचा कर त्यातच भरला जातो, आणि तो कर मत्स्यव्यवसाय विभागामार्फत परत मिळतो तेव्हा पुढचा हंगामही अर्धा सरलेला असतो. सचिव म्हणाले, “मॅडम, हे पैसे आमचेच, आधी भरलेले. यात सरकार आम्हाला काय देतंय?”

त्यांच्या प्रश्नाला व्यापार कायद्यात उत्तर आहे, आणि ते त्यांना आवडणारे नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या अनुदानविषयक व्याख्येत शासनाने एरवी मिळणारा महसूल सोडून देणे हेही आर्थिक साहाय्यच ठरते, आणि ते एका विशिष्ट उद्योगापुरते असेल तर ते कराराच्या कक्षेत येऊ शकते. म्हणून ‘परतावा हे अनुदान नव्हे’ असा युक्तिवाद टिपणात करण्यात अर्थ नव्हता. तो दिल्लीत ऐकायला बरा वाटला असता, जिनिव्हात टिकला नसता. मी तो बाजूला ठेवला आणि अंतराच्या प्रश्नाकडे वळले.

दुसऱ्या टप्प्याच्या मसुद्यांत गरीब, साधनहीन, उपजीविकेपुरत्या मासेमारीला सवलत देताना किनाऱ्यापासून १२ किंवा २४ सागरी मैलांची मर्यादा सुचवली जात होती, तर भारताचा आग्रह ही सवलत २०० मैलांच्या संपूर्ण अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या साधनसंपत्तीवर किनारी देशाचा हक्क असतो त्या पट्ट्यात, मिळावी असा होता. आपल्याकडे १२ मैलांची रेषा आधीपासूनच महत्त्वाची आहे. तिथवर राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो आणि तिच्यापलीकडची मासेमारी राज्यघटनेनुसार केंद्राच्या अखत्यारीत येते. पण मासा रेषा ओळखत नाही. किनाऱ्यालगत पर्ससीन (मासळीच्या थव्याभोवती गोल जाळे टाकणाऱ्या) आणि ट्रॉलर (जाळे ओढत नेणाऱ्या) नौकांची दाटी झाल्यावर गिलनेटवाले लहान नौकामालकही बाहेर सरकले. ते गरीब आहेत म्हणून जवळच राहतात हे गृहीतक रत्नागिरीत तरी खरे नाही. जवळ काही उरत नाही म्हणूनच ते लांब जातात.

हे सिद्ध कसे करायचे हा खरा प्रश्न होता, कारण तांडेलांच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखांच्या, सांगण्याला वाटाघाटीत पुरावा म्हणत नाहीत. उपाय त्या नोंदवहीतच होता. इंजिनाचा दर तासाचा खप आणि सरासरी वेग माहीत असेल तर फेरीमागे उचललेल्या लिटरांवरून नौका जास्तीत जास्त किती लांब गेली असेल याचा अदमास बांधता येतो. ट्रॉलर जाळे ओढतानाही डिझेल जाळतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे गणित चालत नाही. गिलनेटची नौका जाळे टाकून वाहत राहते, म्हणून तिच्यापुरते ते बरेचसे चालते. मी केवळ गिलनेटच्या नोंदी घेतल्या आणि मर्यादा कोणत्या हेही त्याच परिच्छेदात लिहिले.

मसुदा तयार झाल्यावर माझ्या निवृत्त मार्गदर्शकांना दाखवला. देशांतर्गत राजकारण आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाट या दोन पटांवर एकाच वेळी खेळ चालतो, ही रॉबर्ट पटनाम यांची १९८८ ची मांडणी मी एका परिच्छेदात घातली होती. सरांनी तो परिच्छेद कंसात टाकला आणि म्हणाले, “हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, रोज भोगतात ते. तू त्यांना वापरता येईल असं वाक्य दे.” मला हा सल्ला अर्धाच पटतो. सिद्धान्ताशिवाय मी नोंदवहीकडे वळलेच नसते. मात्र टिपणात त्याचे नाव असण्याची गरज नव्हती, म्हणून ते काढले आणि त्या जागी सवलतीचा निकष अंतराऐवजी नौकेची लांबी, इंजिनाची अश्वशक्ती आणि जाळ्याचा प्रकार यांवर ठरवणारे पर्यायी कलम लिहिले.

पुढे बरेच दिवस शांतता होती. मग दूरदृश्य प्रणालीवर एका बैठकीचे निमंत्रण आले. बैठकीत अभ्यासक अनेक होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे होती. मला विचारलेले प्रश्न परिसंवादातल्या प्रश्नांपेक्षा फार वेगळे होते. अश्वशक्तीची मर्यादा किती ठेवली तर रत्नागिरीच्या किती नौका आत बसतात? तीच मर्यादा दुसऱ्या एखाद्या देशाच्या मोठ्या ताफ्यालाही पळवाट देईल का? साठे खालावलेले नाहीत हे कोण म्हणते? शेवटच्या प्रश्नाची तयारी होती. २०२२ च्या करारानुसार एखादा साठा अतिमासेमारीने खालावला आहे की नाही हे किनारी देश आपल्याकडे उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम शास्त्रीय पुराव्यावरून ठरवतो, काही साठ्यांबाबत संबंधित प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन संघटनाही ठरवते, आणि आपल्याकडे तो पुरावा कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था पुरवते; तिने २०२२ साली तपासलेल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचे नोंदवले आहे. पळवाटीच्या प्रश्नावर मात्र माझे उत्तर अपुरे पडले, आणि त्यावर मागवलेले पुरवणी टिपण मला मूळ टिपणापेक्षा अवघड गेले.

या साऱ्याचे पुढे काय झाले? पोच मिळाली, आभाराचे दोन ओळींचे पत्र मिळाले. कायद्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या तर त्यांचा गोषवारा प्रसिद्ध करावा, असे २०१४ चे विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण सांगते. वाटाघाटीतील भूमिकेला ते लागू होत नाही आणि होऊही नये. आपला हात समोरच्याला आधीच दाखवून कोणी पत्ते खेळत नाही. त्यामुळे अभ्यासकाला आपले वाक्य कुठे पोहोचले याचा माग लागत नाही. प्रकाशित लेखांच्या संख्येवर बढती मोजणाऱ्या व्यवस्थेत अशा कामाकडे फारसे लक्ष जात नाही, आणि कोकणातल्या महाविद्यालयांतून अशी टिपणे फारशी जात नाहीत याचे मोठे कारण मला तेच वाटते.

पहिला करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. त्यानंतर चार वर्षांत व्यापक नियम ठरले नाहीत आणि संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतला नाही, तर तो संपुष्टात येईल असे त्यातच लिहिले आहे. करार स्वीकारणाऱ्या देशांना आपल्या अनुदानांसोबत संबंधित मासेमारीची, ताफ्याची आणि साठ्यांची माहितीही कळवावी लागते. भारताने तो स्वीकारो वा न स्वीकारो, बंदर पातळीवरची अशी माहिती आपल्याकडे असणे हिताचे आहे, म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्याच हर्णै आणि साखरीनाटे या बंदरांवरच्या सोसायट्यांशीही बोलणे सुरू केले आहे. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की कार्यालयांत गर्दी नसते. जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेऊन त्यांतील गिलनेटच्या नोंदी वेगळ्या काढण्याचे काम विद्यार्थी त्याच काळात करतील, आणि नौकामालकांची नावे यादीतून वगळण्याची अट सोसायट्यांनी घातली आहे, ती आम्ही मान्य केली आहे.