आमची वाटचाल : आधी मीटर, मग बॅटरी

वागळे इस्टेटमध्ये किसननगरच्या बाजूला आमचं दुकान कुठे आहे, हे ठाण्यातल्या जुन्या टू-व्हीलरवाल्यांना सांगायला नको. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे एक चार्जर, अ‍ॅसिडचा कॅन, डिस्टिल्ड वॉटर आणि उस्तादांनी दिलेला हायड्रोमीटर. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा फ्लोट. तो अजून गल्ल्याशेजारी टांगलेला आहे. बाईकच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला सहा सेल. एकेकातलं अ‍ॅसिड ओढायचं आणि ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, वाचायची. पाच सेल साडेबाराशे दाखवतात आणि सहावा अकराशेलाच घुटमळतो, तेव्हा तो सेल गेला. मग रात्रभर चार्जिंगला लावा नाहीतर आठवडाभर. आता बहुतेक बॅटऱ्या सीलबंद, नळी घालायला जागाच नाही, म्हणून मल्टिमीटर आणि लोड टेस्टर आले. तरी नवीन पोरगा कामाला लागला की आधी हायड्रोमीटर धरायला शिकवतो.

सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते समोरच्या बॅटरीवाल्याबद्दल.

समोरचा गाळा त्याने घेतला आणि पहिल्याच दिवशी भलामोठा फ्लेक्स लावला. जुनी द्या, नवी घ्या, चार वर्षांची वॉरंटी. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात प्रो-रेटा, म्हणजे जितकी वापरली तितके पैसे कापणार, असं लिहिलेलं असतं, ते कोण वाचतो? कोणी गाडी ढकलत आणली की हा सेल्फ दाबणार, रिलेची टक-टक ऐकणार आणि सांगणार, "साहेब, बॅटरी गेली." मीटर लावायचं नावच नाही. आता टक-टक म्हणजे करंट पुरत नाही एवढंच. बॅटरी गेलेली असेल, नुसती उतरलेली असेल, नाहीतर टर्मिनलचा नट ढिला असेल. पावसाळ्यात तर टर्मिनलवर पांढरा-हिरवा चुना साचलेल्या कितीतरी गाड्या येतात. ब्रशने घासा, नट आवळा, पेट्रोलियम जेली लावा, गाडी सुरू. त्याच गाडीची चांगली बॅटरी हा एक्स्चेंजमध्ये काढून घेणार, धुऊन-पुसून चार्ज करणार आणि रिकंडिशन म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारणार. मूळ मालकाला परत विकली तरी त्याला ओळखू यायची नाही!

वर आमच्याबद्दल सांगत सुटला, की ते मीटरवाले नुसता वेळ खातात. लोकांना घाई, त्यांना पटलं. आमच्याकडची गर्दी ओसरली. भाडं थकलं, मोठा चार्जर विकायला काढला, आणि मी हाताला धरून शिकवलेला पोरगा रस्ता ओलांडून तिकडे कामाला लागला. तो अजून समोर दिसला की मान खाली घालतो. घालूच दे.

त्या काळात दुकान तगलं ते पेपरवाल्या काकांमुळे. काका पहाटे चारला स्टेशनवर गठ्ठे उचलायचे, त्यामुळे सेल्फ न लागणं त्यांना परवडायचंच नाही. महिन्याला येऊन व्होल्टेज बघायचे आणि गिऱ्हाइकांच्या बिलाच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहून ठेवायचे. एकदा समोरच्याने त्यांना हाक मारली, "काका, बॅटरी बदलून टाका, आवाज बरोबर नाही." काका म्हणाले, "आधी आकडा सांग, मग आवाजाचं बोलू." पुढे त्यांनी लाइनवरची सगळी पोरं आमच्याकडे वळवली आणि थकलेलं भाडं हळूहळू फिटलं.

काकांची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर ठणठणीत, १२.४ च्या खाली चार्जिंग मागते. १२ म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा सेल्फ मारताना १० च्या खाली कोसळत असेल, तर खिशाची तयारी ठेवा. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. त्याहून कमी असेल तर गाडी नीट चार्जिंग करत नाही. पंधराच्या वर गेलं तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उकळून फुगेल. समोरून घेतलेल्या अशा फुगलेल्या बॅटऱ्या मी खूप पाहिल्यात.

मीटर नसेल तर कान-डोळे उघडे ठेवा. इंजिन बंद असताना हॉर्न घोगरा लागतो, इंडिकेटर आळसावतो, सेल्फ दाबताच न्यूट्रलचा दिवा विझल्यासारखा होतो, गाडीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ शून्यावर जातं. बॅटरी सहसा अचानक जात नाही, लोक अचानक लक्ष देतात. मात्र जुन्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनाच्या कॉइलवर चालायचा. तो आयडलिंगला मंद झाला म्हणून बॅटरी बदलणाऱ्याला काय म्हणावं!

तेव्हा निदान किक होती. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम, त्यामुळे बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आणि बऱ्याच गाड्यांची किक गेली. पेट्रोलच्या पंपाला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, करंट हवाच, त्यामुळे बॅटरी पार झोपली की धक्का मारूनही उपयोग नाही. त्यात किसननगर ते स्टेशन एवढंच फिरायचं आणि वाटेत दहा वेळा सेल्फ मारायचा. ती चार्ज होणार कधी? लॉकडाऊननंतर तर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागली. आम्ही आधी हळूहळू चार्ज करून बघायचो. ज्या उठल्या त्या उठल्या, उरलेल्यांनाच नवी. या धंद्यात लोकांचा विश्वास परत आला तो त्या दिवसांत.

समोरचा अजून आहे. फ्लेक्स बदललाय, बाकी तेच. त्याची गिऱ्हाइकं हल्ली बॅटरी तिकडून घेतात आणि तपासायला इकडे येतात. मीटर लावायचे आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही. समोरच्या बॅटरीला मात्र पन्नास रुपये, तेही आधी.